मण्यांचं डिझाइन मखमलीवर आणि चामड्यावर उतरवताना: आधी जाळी आहे की रेघ, ते बघा

शहाद्याच्या भाऊंनी विचारलंय ते थोडक्यात असं. घरच्या घोडीसाठी दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेआधी साज तयार करायचाय. चामड्याची म्होरकी, म्हणजे घोडीच्या तोंडावर बांधायचा पट्टा, दोन इंच रुंद आहे, तिच्यावर मण्यांची नक्षी हवी. सोबत काळ्या मखमलीची झूल, तिच्यावर कोयऱ्या आणि वेल. म्होरकीसाठी २१ चौकटी रुंदीचा मण्यांचा नमुना छापून आणलाय, कोयरी हाताने काढलीय. निळा कार्बन काळ्या मखमलीवर दिसत नाही, पांढरा कार्बन हात लागला की पुसला जातो, आणि चामड्यावर बॉलपेनने गिरवायला हात धजावत नाही. "सगळ्यात चांगली पद्धत कोणती?" असा शेवटी प्रश्न.

भाऊ, बॉलपेनला हात लावला नाही ते फार बरं केलंत. चामड्यात गेलेली ती शाई निघत नाही.

अमळनेरला मी आरीकाम (आकड्याच्या सुईने करायचं भरतकाम) आणि मणीकाम शिकवते, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. सुरुवात रुखवतातल्या तोरणांपासून आणि महिरपींपासून झाली, मग ब्लाउज आले, आणि यात्रेच्या हंगामात घोड्याबैलांचा साजही येऊ लागला. इतक्या वर्षांत "डिझाइन कसं उतरवू" हा प्रश्न शंभर वेळा ऐकला असेल. विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा पेन, कार्बन किंवा पावडर असते. खरी अडचण तिथे नसते. दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. तुमचा नमुना जाळीचा आहे की रेघेचा, ही पहिली. केलेली खूण किती दिवस टिकायला हवी, ही दुसरी. या दोन्हींची उत्तरं मिळाली की पेनाचं आपोआप ठरतं.

तुमच्याकडे दोन वस्तू आहेत आणि दोन्हींची जात वेगळी आहे. म्होरकीचा नमुना जाळीचा, एक चौकट म्हणजे एक मणी. झुलीची कोयरी रेघेची. दोन्ही एकाच पद्धतीने उतरवायला गेलात तर एक नक्की बिघडेल.

आधी जाळीचं बघू, कारण तिथेच पैसे आणि मेहनत वाया जाते.

छापील नमुन्यातली चौकट सगळ्या बाजूंनी सारखी असते, मणी तसा नसतो. आपण ज्याला शुगर बीड्स म्हणतो ते ११ नंबरचे गोल मणी साधारण २.१ मिमी रुंद असतात, पण भोकाच्या दिशेने मोजले तर बरेच कमी भरतात. माझ्याकडच्या मण्यांची एक इंच सर ओवली तर तिच्यात १७-१८ मणी बसतात. तेच मणी कुशीला कुशी लावून ठेवले तर इंचात १२ होतात. म्हणजे कागदावर २१ बाय २१ चौकटींचा जो सुबक चौफुला दिसतो, तो सरी शेजारी शेजारी शिवून केला तर एका बाजूने ४४ मिमी आणि दुसऱ्या बाजूने जेमतेम ३० मिमी होतो. चौफुला चेपतो. कितीही बारीक पेनाने, कितीही काळजीपूर्वक चौकटी गिरवल्यात तरी हे होणारच, कारण मणी तुमच्या चौकटीत मावतच नाही.

आता तुमच्या म्होरकीचा हिशोब. दोन इंच म्हणजे ५० मिमी. दोन्ही कडांना शिलाईसाठी ६-६ मिमी सोडा, उरले ३८. नमुन्याला लागतात ४४. बसत नाही. मग मार्ग तीन. १५ नंबरचे मणी घ्यायचे, ते साधारण दीड मिमीचे असतात, २१ ओळी ३१-३२ मिमीत मावतात. पण ते मणी महाग, भोक बारीक, आणि पहिल्यांदा काम करणाऱ्याच्या डोळ्यांची परीक्षा. दुसरा मार्ग म्हणजे नमुन्याच्या दोन्ही काठांच्या दोन-दोन ओळी काढून टाकायच्या. १७ ओळी उरतात, त्या ३६ मिमीत बसतात. काठाची नुसती रेघ असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरा मार्ग मी स्वतः वापरते आणि तुम्हालाही तोच सांगेन: जाळीचा नमुना उतरवूच नका. मोजा. आपल्याकडे क्रॉस स्टिचला मॅटी नावाचं चौकटी-चौकटींचं कापड वापरतात, ते घ्या. इंचाला १४ चौकटी असलेली मॅटी मिळाली तर एक चौकट १.८ मिमीची, २१ चौकटी बरोबर ३८ मिमी! दर चौकटीत एक मणी, अर्ध्या क्रॉस टाक्याने तिरका बसवायचा. मणी २.१ चा आणि घर १.८ चं, तरी तिरका बसत असल्याने तो मावतो, आणि ओळ घट्ट, भरीव दिसते. मुख्य फायदा असा की उभी-आडवी दोन्ही मापं सारखी राहतात, चौफुला चौफुलाच राहतो. खूण करायची ती फक्त मधल्या उभ्या आणि मधल्या आडव्या ओळीला, रंगीत कच्च्या दोऱ्याने. तिथून मोजत बाहेर जायचं. कागदावर झालेली ओळ पेन्सिलीने खोडत जा, म्हणजे मध्येच कुणी चहाला हाक मारली तरी हिशोब चुकत नाही.

मॅटी घेताना दुकानदाराला नंबर विचारून समाधान मानू नका. कापडावर पट्टी ठेवून इंचात किती चौकटी भरतात ते स्वतः मोजा, उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांनी. ११ची मॅटी १४ची म्हणून विकली गेलेली मी पाहिली आहे, आणि उभ्यात १४, आडव्यात १३ असलेलीही. मणीसुद्धा तसेच. स्वस्त पाकिटातले मणी कमीजास्त जाडीचे असतात, जाडे-चपटे निवडून बाजूला काढावे लागतात. मियुकी किंवा तोहोसारखे जपानी मणी एकसारखे येतात, पण किंमत बघून निर्णय घ्या. घोडी धुळीत उभी राहणार, घामाने भिजणार. यात्रेच्या साजाला मी निवडून काढलेले साधे मणी वापरते.

यावर एक विचार. आमच्या भागात चाळीसगावकडच्या तांड्यांवरच्या बंजारा आजींचं काम मी जवळून पाहिलं आहे. कवड्या, आरसे, मणी, सगळं काही, आणि कापडावर खूण एकही नाही. ताणे मोजत जातात, नाहीतर थेट नजरेने. एकीला मी विचारलं, "आजी, छापत का नाही?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मी भाकरीला साचा मागितला. आपल्याला ते जमेल असं नाही. पण मोजून काम करणं ही कमीपणाची पद्धत नाही, एवढं डोक्यात असू द्या.

तर मॅटीची पट्टी तयार करायची आणि ती म्होरकीवर शिवायची. इथे तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला खटकलं. मणी "थेट म्होरकीच्या चामड्यात" ओवायचा तुमचा विचार दिसतो. तसं करू नका. म्होरकीचा पट्टा तीन-चार मिमी जाड असतो. त्यातून मण्याची सुई जात नाही, म्हणून टोच्याने भोकं पाडावी लागतात. दीड-दोन मिमीवर एक अशी भोकांची रांग पाडली की चामड्याचं टपाल तिकिटांच्या पानासारखं होतं, झटका बसला की रांगेवरच फाटतं. यात्रेच्या गर्दीत बुजलेली घोडी आणि हातात तुटलेली म्होरकी, हे चित्र डोळ्यासमोर आणा. ज्या पट्ट्यावर जनावराचा जोर येतो त्यात मण्यांसाठी भोकं पाडायची नाहीत. मणी मॅटीवर किंवा पातळ चामड्यावर, आणि ती पट्टी म्होरकीवर फक्त कडेच्या शिलाईने. मॅटीला चारी बाजूंनी दीड सेंटिमीटर जास्त कापड ठेवून मागे दुमडा, नाहीतर कडा सुटते. आणि पट्टा बकलाच्या कडीतून जिथे सरकतो तिथे मणी नकोत, तिथे ते फुटतात.

तरीही चामड्यावरच काम करायचं असेल, म्हणजे नाकपट्टीवर वेगळा पातळ तुकडा लावायचा असेल, तर तेही सांगते. इथे सगळं चामड्याच्या जातीवर अवलंबून आहे.

झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं, जसं कोल्हापुरी चपलेचं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं असतं, ते पाणी पितं. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की जागा गडद होते. अशा चामड्यावर शाईची गरजच नाही. ओल्या स्पंजने पृष्ठभाग हलका ओलवायचा, मूळ रंग परतायला लागेपर्यंत थांबायचं, मग वर बटर पेपरवरचं डिझाइन ठेवून संपलेल्या रिफिलच्या बॉलपेनने किंवा विणायच्या सुईच्या बोथट टोकाने गिरवायचं. कागद उचलला की चामड्यात बारीक खोलगट रेघ उमटलेली दिसते. ती पुसत नाही, डाग पाडत नाही आणि मण्यांखाली जाते. उलट क्रोम (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं चामडं, बॅगा आणि जॅकेटचं मऊ चामडं, हे ओलं करून काही होत नाही, दाबलेली रेघ लगेच वर येते. त्याची कापलेली कड बघा, बहुतेक वेळा आतून निळसर-राखाडी दिसते. आणि बाजारातल्या निम्म्या "चामड्याच्या" म्होरक्या रेक्झिनच्या असतात, त्या मागून कापडासारख्या दिसतात.

क्रोम चामड्यासाठी किंवा रेक्झिनसाठी मी कागद चिकटवते. पातळ कागदावर डिझाइन काढायचं, मागे मैद्याची पातळ खळ लावायची, चामड्यावर बसवायचं, वाळू द्यायचं, आणि कागदासकट मणी शिवायचे. मण्यांच्या बाहेरचा कागद शेवटी ओल्या बोळ्याने भिजवून चिमट्याने काढायचा, मण्यांखालचा तिथेच राहतो आणि उलट आधार देतो. ही युक्ती जुनी आहे. उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे बायका भूर्जाच्या सालीतून पानाफुलांचे आकार कापून ठेवत आणि गडद मखमलीवर पिठाच्या खळीनेच रेघा ओढून त्यांवर मणी भरत. तुमची काळी मखमल आणि त्यांची काळी मखमल, अडचण एकच. खळीबद्दल एक सूचना. बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. तो विषारी आहे, घोडीच्या तोंडाशी जाणाऱ्या वस्तूत अजिबात नको. खळ पातळ ठेवा, काम झालं की पुसून काढा, पुरे.

आणखी एक. कापडात सुई चुकली तर काढून पुन्हा घालता येते. चामड्यात पाडलेलं भोक कायमचं. म्हणून चामड्यावर डिझाइन "साधारण मध्ये" ठेवून चालत नाही. मधली रेघ कागदावर आणि चामड्याच्या मागे दोन्हीकडे काढा, त्या जुळवा, मगच हात लावा. गंमत अशी की ज्या आरीने आम्ही ब्लाउजवर काम करतो तिचं मूळ चांभारकामाच्या आरीत आहे. कच्छचं मोची भरत त्यातूनच आलं. म्हणजे चामड्याकडून कापडाकडे गेलेलं हत्यार आहे हे, पण चामडं चूक माफ करत नाही आणि कापड करतं, हा फरक राहतोच.

आता झूल.

मखमलीवर खूण का टिकत नाही, हे आधी समजून घ्या. मखमलीला लव असते. तुम्ही जे उमटवता ते लवेच्या टोकांवर बसतं. हात फिरला, लव वळली, की रेघ तुटक दिसते किंवा जागा सोडते. पांढऱ्या कार्बनचा दोष कमी, मखमलीचा जास्त. तोच कार्बन सुती कापडावर चांगला चालतो. ऑफिसातला निळा-काळा कार्बन मात्र कुठल्याच कापडावर नको. तो तेलकट असतो आणि फिकट मण्यांच्या भोकांतून वर डोकावतो.

काळ्या मखमलीवर माझ्या हाताला बसलेल्या पद्धती दोन.

एक आहे खाका. जरदोसी-आरीवाले पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. बटर पेपरवर डिझाइन काढायचं, खाली जाड घोंगडी ठेवायची आणि रेघेवर सुईने दोन-अडीच मिमीवर एक भोक पाडत जायचं, वळणावर आणखी जवळ. शिवणयंत्रातून दोरा काढून रेघेवर यंत्र चालवलं तरी भोकं पडतात, सरळ रेघांना ते बरं, कोयरीच्या टोकाला हातच बरा. कागद उलटून मागची फुगलेली बाजू बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. हे बहुतेक जण विसरतात. भोकांभोवतीचा कागद वर उचललेला असतो, तो घासला नाही तर पावडर आत जात नाही आणि मग माणूस पावडरला दोष देतो. मग झिंक ऑक्साइडची पांढरी पावडर रॉकेलमध्ये कालवायची, ताकापेक्षा घट्ट आणि पिठल्यापेक्षा पातळ. सुती कापडाच्या बोळ्याला लावून बोळा जवळपास कोरडा होईपर्यंत पिळायचा आणि खाक्यावरून एकाच दिशेने फिरवायचा. रॉकेल उडून जातं, पांढरे ठिपके राहतात. फिकट कापडावर झिंकऐवजी नीळ घ्यायची. आमच्याकडे आता रॉकेल मिळवायचं म्हणजे वणवण, म्हणून मी रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन वापरते. जवळ गॅस-शेगडी नको, खिडकी उघडी हवी, आणि कापडाच्या कोपऱ्यावर आधी थेंब टाकून बघायचं. चामड्यावर हा प्रकार नको, चामड्यातलं तेल ओढलं जातं.

बोळा ओला राहिला तर ठिपक्याचा डाग होतो. माझ्या नव्या मुलींपैकी दहातल्या आठ जणी इथेच चुकतात. पहिल्यांदा जुन्या काळ्या कापडावर हात बसवा.

दुसरी पद्धत म्हणजे धावदोरा. तुमच्या बाबतीत मी हीच निवडेन, कारण तुम्ही दोन-अडीच महिने रोज थोडं थोडं काम करणार आहात आणि झूल गुंडाळली, उघडली, हाताळली जाणार आहे. तेवढ्यात झिंकचे ठिपके उडून जातील. पातळ टिश्यू कागदावर कोयरी काढा, मखमलीवर चार कोपऱ्यांत टाचा, आणि रेघेवरून पिवळ्या किंवा पांढऱ्या शिलाईच्या दोऱ्याने कच्चे टाके घाला, लांब टाका वर आणि छोटा खाली. मग कागद फाडून काढा. उरते ती दोऱ्याची रेघ. ती घामाने जात नाही, हाताने पुसत नाही, उन्हाने उडत नाही. जिथे मणी बसले तिथला कच्चा दोरा कापून ओढून टाकत पुढे जायचं. वेळ लागतो, एका कोयरीला मला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पण नंतर डोक्याला ताप राहत नाही.

पेनांबद्दल बोलायचं तर ती मी घरात ठेवते, पण मोठ्या कामाला वापरत नाही. पाण्याने जाणारी निळी शाई सुती कापडाला छान, मात्र तिच्यावर इस्त्री फिरली की ती पक्की होऊन बसते, तपकिरी डाग राहतो. हवेने उडणारी जांभळी शाई पावसाळ्यात माझ्याकडे रात्रीत गेली आहे आणि उन्हाळ्यात दोन दिवस टिकली आहे. तिला दमट हवा सोसत नाही. आणि उष्णतेने नाहीशी होणारी शाई. तिची कथा ऐकाच.

एका नवरीच्या शेल्यावर मी तसल्या पेनाने अख्खी वेल काढली होती. मे महिना, जळगावला ४५ अंश. शेला पिशवीत घालून गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवला आणि कामासाठी दोन तास बाजारात गेले. परत येऊन उघडला तर शेला कोरा! ती शाई साधारण ६० अंशांना रंग सोडते, आणि उन्हातल्या बंद गाडीत काचेखाली तेवढं तापमान आपल्याकडे सहज होतं. गाडीत बसून रडायची वेळ आली होती. मग कुणीतरी सांगितलं की थंडीत ती शाई परत दिसते, शून्याच्या खाली दहा अंशांवर गेली की. धुळ्याची थंडी कितीही बोचरी असली तरी तेवढी नाही, म्हणून शेला प्लास्टिकमध्ये बांधून बर्फाच्या कप्प्यात मटारशेजारी ठेवला. वेल उगवली, अर्धीमुर्धी. उरलेली आठवणीने भरली. पण याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. ती शाई "गेली" असं वाटतं तेव्हा ती कापडातच असते.

आता कोयरीच्या रेघेकडे. जाळीत मण्याची रुंदी महत्त्वाची होती, तशी ती इथेही आहे. कागदावरच्या रेघेला जाडी नसते, मण्यांच्या ओळीला दोन मिमी असते. कोयरीच्या पोटात तुम्ही नाजूक दुहेरी रेघ काढली असेल आणि दोन रेघांमध्ये तीन मिमी अंतर असेल, तर मणी बसवल्यावर ते अंतर एकच मिमी उरतं आणि दुहेरी रेघ वेगळी दिसत नाही. म्हणून उतरवण्याआधी, कागद टेबलावर असतानाच, ओवलेली सर रेघांवर ठेवून फिरवून बघा. जिथे सर वळायला तयार नाही, जिथे दोन सरी भांडतात, तिथे डिझाइन बदला. चार मिमीपेक्षा जवळच्या दोन रेघांची एक करा. टोकाचा कुरळा फार बारीक असेल तर थोडा उलगडा. लांब नळीचे मणी वळणावर घालूच नका, ते कोपरे करतात. हे एकदा कागदावर केलंत की कापडावर उसवणं वाचतं. उसवण्यात मखमलीची लव जाते आणि ती परत येत नाही.

नमुना मोठा करायला झेरॉक्सच्या दुकानात गेलात तर कागदावर आधी १० सेंटिमीटरची रेघ काढून ठेवा आणि छापून आल्यावर मोजा. यंत्र पानात बसवण्यासाठी आकार आपणहून कमी करतं आणि दुकानदाराला ते ठाऊकही नसतं. तुम्ही छापून आणलेल्या २१ चौकटींच्या नमुन्याचंही तेच झालेलं असू शकतं. मोजून बघा.

मखमल गोल रिंगीत ताणू नका, वळ उमटतो. खाटेला (आरीकामाच्या लाकडी चौकटीला) मांजरपाट ताणून त्यावर मखमल शिवून घ्या आणि मगच धावदोरा घाला. आधी खूण करून नंतर ताणलं तर कोयरी एका बाजूला लांबते. मखमल लवचीक, ताणली जाणारी असेल तर मागे पेस्टिंग (चिकटणारं अस्तर) चिकटवून घ्या. मणी शिवताना चार मणी पुढे घ्या, मग मागे येऊन शेवटच्या दोन मण्यांतून पुन्हा सुई काढा. एका ठिकाणी दोरा तुटला तर सगळी ओळ सांडत नाही. दोरा पॉलिस्टरचा, सुती नको. घामाने सुती दोरा कुजतो.

मागून छापायचा मोह होईल, कारण मखमलीची मागची बाजू सपाट असते आणि पेन्सिलसुद्धा तिथे दिसते. चालतं. फ्रान्समधल्या लुनेव्हिल पद्धतीत तर कामच मागून होतं, मणी खालच्या बाजूला बसतात. मात्र मागून छापलेलं पुढून उलट दिसतं. कोयरीला फरक पडत नाही, नुसती दुसरीकडे वळते. अक्षरांना पडतो. रुखवताच्या एका पडद्यावर मी मागून "शुभविवाह" छापलं, रात्री दोनपर्यंत बसून भरलं आणि सकाळी सरळ करून भिंतीवर लावलं. आत्या आली, मान वाकडी करून बघत राहिली आणि म्हणाली, "हाई काय शे वं?" आरशात बघितल्याशिवाय वाचता येत नव्हतं. तेव्हा घोडीचं नाव झुलीवर घालणार असाल तर ते पुढूनच, धावदोऱ्याने.

वेळेचा अंदाज देते, म्हणजे घाई होणार नाही. म्होरकीची मण्यांची पट्टी ३० सेंटिमीटर लांब धरली तर १४च्या मॅटीवर लांबीत १६५ चौकटी येतात. गुणिले २१, म्हणजे साधारण ३,४६५ मणी. माझा वेग तासाला दीडशे ते दोनशे मण्यांचा आहे, म्हणून मला वीसेक तास लागतील. तुम्हाला पहिल्यांदा दुप्पट धरा. रोज एक तास दिलात तर सव्वा महिना. झुलीच्या कोयऱ्या किती आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. आधी म्होरकी पूर्ण करा, झूल नंतर. घोडी बघायला येणारा माणूस आधी तोंडाकडे बघतो.

म्होरकीचं चामडं सालीने कमावलेलं आहे की क्रोम, ते थेंब टाकून बघा, मागच्या बाजूला. आणि पट्ट्याची रुंदी मधे मोजू नका, बकलाच्या कडीच्या आतून मोजा. दोन इंची म्हणून घेतलेला पट्टा तिथे बहुतेक ४७-४८ मिमीच भरतो. तसं असेल तर ३८ मिमीचं गणित चुकेल आणि काठाची एक ओळ दोन्ही बाजूंनी कमी करावी लागेल. ते माप कळवा, म्हणजे कुठल्या रंगाचे मणी किती घ्यायचे ते ओळीनिहाय लिहून देते.